दगडच तर आहेत

परवा बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना गेलो होतो. मी, बहीण आणि तिचा अकरावीतला मुलगा. बुद्धाच्या त्या उंच मूर्ती बघून झाल्यावर गर्दीपासून लांब, डोंगराच्या कडेच्या लांबलचक उघड्या लेण्यात येऊन बसलो. डबा उघडेपर्यंत या पठ्ठ्याने तिथलेच सात दगड एकावर एक रचले आणि फोटो काढायला लागला. मी ओरडले तर म्हणतो, "मावशी, दगडच तर आहेत!"

तेव्हा रागात धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. (हो, त्याला टॅग केलंय.)

माझं माहेर नागपूर. काटोल रोडवर जुनापाणी आहे, तिथे बाबा एकदा घेऊन गेले होते. मला वाटलं किल्ला-बिल्ला असेल. बघते तर माळावर गोल मांडलेले धोंडे, मध्ये जरासा उंचवटा, संपलं. मी रुसून बसले. बाबा म्हणाले, "यातल्या एकाही गोलावर पाय देऊ नको, खाली कुणाची तरी मूठमाती आहे."

जुनापाणीला अशी सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली. गेलेल्या माणसाची हाडं, सोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी ठेवायच्या, वर माती आणि गोटे लोटायचे, कडेने मोठाले धोंडे बसवायचे. जवळच्या माहुरझरीला तर तांब्याच्या साजासकट घोडेसुद्धा पुरलेले सापडलेत. या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. त्यांना जे सांगायचं होतं ते कुठला धोंडा कुठे ठेवला, एवढ्यातच आहे. काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे कोरलेत. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी त्या खळग्यांच्या दिशा मोजल्या, आकाशाशी काही नातं लागतंय का बघायला. आता यातला एखादा धोंडा कुणी गंमत म्हणून हातभर सरकवला, तर ते मोजमाप कायमचं गेलं. धोंडा तिथेच आहे, शाबूत आहे, पण मुका झाला.

१८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक नावाच्या साहेबाने जुनापाणीची वर्तुळं खणली. तिथल्या लोखंडी वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मला त्याचा राग येतोच. पण त्याने निदान काय सापडलं ते लिहून ठेवलं. शेताच्या बांधाला धोंडा उचलून नेणारा काय लिहून ठेवणार? आणि आमचा हा फोटोवाला?

कायदा आहे, १९५८ चा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण हे सांगणारी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी वाचतो कोण? त्यापेक्षा आपल्याकडे दगडाला शेंदूर फासला की रस्तासुद्धा वळसा घालून जातो. कधीकधी वाटतं, पुरातत्त्व खात्याने शेंदराचा एक डबा ठेवावा. (गंमत करतेय. नाहीतर पुढच्या वर्षी तिथे पत्र्याची शेड आणि दानपेटी यायची.)

बरं, कान्हेरीचं ते लेणं. आपण जिथे पुरी-भाजी खाल्ली ना, ते भिक्खूंचं स्मशान आहे. ८७ नंबरचं लेणं. जमिनीवर विटांचे जे गोल चौथरे दिसतात ते गेलेल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे स्तूप. शोभना गोखले यांनी तिथले २९ छोटे लेख शोधून वाचले, त्यात त्या थेरांची नावं आहेत. इथे जुनापाणीसारखं मुकं नाही काही, नावानिशी माणसं आहेत. आणि आपण तिथे चटणी सांडली. मलाही ते घरी येऊन वाचल्यावर कळलं, म्हणजे मी काही फार शहाणी नाही. पण दारात एक ओळ मराठीत लिहिली असती, "हे स्मशान आहे", तर आमच्यासारख्या दहातल्या नऊ जणांनी चपला बाहेर काढल्या असत्या. दंडाच्या पाटीपेक्षा ते एक वाक्य जास्त काम करेल असं माझं मत आहे.

तर त्या दिवशी माझा आवाज ऐकून पोराने मुकाट्याने उतरंड मोडली. सहा दगड होते आणि सातवा, सगळ्यात वरचा, विटेचा तुकडा. तो हातात धरून उभा राहिला आणि विचारलं, "मावशी, हा कुठून उचलला होता मी?"

आम्ही तिघंही खाली बघत बसलो.