‘आणि नवऱ्याचं काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मी मॉर्मन (अमेरिकेत जोसेफ स्मिथने स्थापलेल्या ख्रिस्ती पंथाची) कशी झाले आणि त्यानंतर आमच्या घरात काय काय घडलं, हे मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. तिचा मथितार्थ असा : ‘सुखी कुटुंबाचं पोस्टर बघून तुम्ही भुललात. ज्या पंथाच्या संस्थापकाने इतक्या बायका केल्या, तो पंथ तुम्हाला कुटुंब शिकवणार? कमाईचा दहावा हिस्सा घालवता, मुलांनाही त्यात ओढलंत. आणि नवऱ्याचं काय? त्याला कुणी विचारलं?’

पोस्टरचं कबूल. मी शास्त्रवचनांना भुलले नव्हते, एका ओळखीच्या घराला भुलले होते. सोमवारची संध्याकाळ, फोन बाजूला ठेवलेले, सगळं घर एकत्र बसलेलं आणि एक चिमुरडं पोर प्रार्थना म्हणतंय. ही कौटुंबिक संध्याकाळ 1915 साली चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी घराघरांत सुरू करायला सांगितली. सोमवार हा वार 1970 मध्ये पक्का झाला. पाहुणी म्हणून बघायला ते फार छान असतं. आमच्या सोमवारी धडा सहा मिनिटं चालतो, त्यातली दोन प्रार्थना कोणी म्हणायची या भांडणात जातात. धाकटी टेबलाखाली असते आणि मोठा ‘आटप ना’ अशा नजरेने माझ्याकडे बघत असतो. नवरा धड्याला बसत नाही, खेळाला येतो, आणि दरवेळी पत्तेच काढतो. (जुने मॉर्मन पत्त्यांना नाक मुरडत. आमच्याकडे चालतात.) तर पोस्टर कधीच फाटलं. सोमवार मात्र राहिला, कारण त्या पाऊण तासात आम्ही चौघं एका खोलीत असतो. बाकीच्या सहा दिवसांबद्दल मला तेवढी खात्री देता येत नाही.

बायकांचा मुद्दा. संस्थापक जोसेफ स्मिथने अनेक लग्नं केली, त्यातली एक मुलगी पंधरा वर्षांचीही नव्हती, हे चर्चने 2014 मध्ये स्वतःच्या लेखात मान्य केलंय. 1890 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांच्या जाहीरनाम्याने ही प्रथा सोडायचं ठरलं, तरी छुपी लग्नं चालूच राहिली, म्हणून 1904 मध्ये पुन्हा ताकीद द्यावी लागली. आज कुणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चबाहेर काढतात. तुम्ही बातम्यांत बघता ते बहुपत्नीक गट वेगळे. हे सगळं मी बाप्तिस्म्याआधी वाचलं होतं. त्या मुलीच्या वयावरून मन अजून उठतं आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. तुम्हाला ठाऊक नसेल असं आणखी एक सांगते : विधुर माणूस दुसऱ्या बायकोशीही आमच्या चर्चच्या मंदिरात अनंतकाळासाठी, म्हणजे मरणानंतरही, बांधला जाऊ शकतो, हयात विधवेला मात्र पहिल्या नवऱ्याशी बांधलेलं नातं रद्द केल्याशिवाय दुसऱ्याशी तसं बांधून घेता येत नाही. म्हणजे 1890 चा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही. मी तो खिशात घेऊनच रविवारी सभेला जाते.

पैशांचं लवकर आटपते. दशांश मी माझ्या पगारातून देते, नवऱ्याच्या पैशाला हात लावत नाही. पगाराची पावती कुणी मागत नाही. वर्षाअखेरीस बिशप, म्हणजे आमच्या स्थानिक मंडळीचा प्रमुख, विचारतो, पूर्ण दिला का, आणि मी हो म्हणते. बिशपला स्वतःला पगार नसतो. तुमचा रोख चर्चच्या गंगाजळीवर असेल तर तिथे मी तुमच्या बाजूने आहे. गुंतवणुका आडोशाच्या कंपन्यांच्या नावावर दाखवल्या म्हणून 2023 मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने चर्च आणि त्याची गुंतवणूक संस्था यांना मिळून 50 लाख डॉलर दंड केला. ते वाचलं त्या महिन्याचा दशांश मी दोन आठवडे उशिरा भरला. एवढंच माझं बंड.

आता मुलं. या चर्चमध्ये तान्ह्यांचा बाप्तिस्मा होत नाही, मूल आठ वर्षांचं झाल्यावरच होतो, आणि आईवडिलांची संमती लागते. मोठ्याने आठव्या वर्षी विचारलं तेव्हा त्याच्या बाबांनी आठवडा घेतला. मग त्याला म्हणाले, “तुला हवंय तर कर.” आणि मला म्हणाले, “पण तेराव्या वर्षी नको म्हणाला तर तेही असंच ऐकायचं.”

बाप्तिस्मा सहसा वडीलच देतात. आमच्याकडे वडील सभासद नाहीत, म्हणून आमच्या वॉर्डातले, म्हणजे स्थानिक मंडळीतले, एक गृहस्थ पाण्यात उतरले. दोन साक्षीदार लागतात. ते काम पूर्वी पुरुषांचंच होतं, 2019 पासून बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही करता येतं, म्हणून एक साक्षीदार मी होते. नियम असा की अंग पूर्ण पाण्याखाली जायला हवं. पांढऱ्या कपड्यांतलं माझं पोर नाक दाबून मागे झुकलं, पाण्यात गेलं आणि उजव्या पायाचा अंगठा वर आला. दुसऱ्या साक्षीदाराला तो दिसला नाही. मला दिसला. पोर कुडकुडत होतं आणि गप्प बसायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. “अंगठा,” मी म्हणाले. पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाहेर आल्यावर टॉवेल घेऊन उभे होते ते त्याचे बाबा. त्यांनी त्याला गुंडाळलं आणि कानात काहीतरी सांगितलं, पोरगं खो खो हसलं. काय सांगितलं, ते दोघंही अजून मला सांगत नाहीत.

तो आता बारा पूर्ण करेल. तेरावं वर्ष लागलं की बाबांची अट आठवणार, त्यांना नाही आठवली तर त्याला आठवेल.

आणि नवऱ्याचं काय? विचारलं होतं. विवाहित माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा तर जोडीदाराची संमती लागते, आणि ती द्यायला त्याने चौदा महिने लावले. तोवर मी सभेत मागच्या बाकावर बसायची. चहा सुटला तो मात्र त्याच्या हो-नाहीची वाट न बघता. चर्चच्या 1833 च्या आरोग्यनियमात चहा-कॉफी बसत नाही. घरात चहा होतो, नवरा स्वतःपुरता करतो, वास सगळ्यांना येतो.

तुमच्या प्रश्नात जो खरा काटा आहे, त्याला तुम्ही हात लावलाच नाहीत. मंदिरात बांधलेलं जोडपं मरणानंतरही जोडपं राहतं अशी आमची शिकवण. त्यासाठी दोघंही सभासद हवेत. तेव्हा चर्चच्या हिशेबात आमचं लग्न मरेपर्यंतचं. पण मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घ्यायची, त्याला बांधून घ्यायची सोय आमच्यात आहे. (म्हणून तर मॉर्मन लोक वंशावळींच्या इतके मागे लागतात.) पुढे स्वीकारायचं की नाही हे त्या आत्म्याने ठरवायचं, असं मानतात. हे नवऱ्याला मीच कधीतरी सांगितलं होतं. तो तेव्हा भांडी पुसत होता.

“मी गेल्यावर माझ्या नावाने तसलं काही करायचं नाही,” तो म्हणाला. “आत्ताच शब्द दे.”

त्याला तीन वर्षं झाली. मी शब्द दिलेला नाही, आणि त्यानेही परत विचारलेलं नाही.