'रेषा पत्र्यात असते, रंगात नाही' : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पांढऱ्या रंगात गाडीच्या अंगावरच्या रेषा बुजतात, असं मी मागच्या लेखात महिंद्राच्या एक्सयूव्ही ५००चं उदाहरण देऊन लिहिलं. त्यावर आपण लिहिता, "रेषा पत्र्यात असते, रंगात नाही. एवढं साधं कळत नसेल तर गाड्या सोडा, कविता करा." शिवाय फोटो दुपारचे आहेत, पांढरी गाडी कमी तापते, लगेच विकली जाते, वगैरे.

मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. इथे अनेक जण माझं म्हणणं खोडून काढतात, पण नीट बोलतात. 'एवढं साधं' हे आपण कोणत्या अधिकाराने म्हणता?

फोटो भर दुपारचे होते आणि डोक्यावरच्या उन्हात कुठलीही गाडी सपाट दिसते, हे मान्य.

आता ते वाक्य. रेषा डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पत्र्यातच येते, हे नाकारलंय कोणी? पण डोळ्याला दिसतो तो पत्र्यावरून परतलेला उजेड. क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, समोरून पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्केच वरच्या वर, आरशासारखा परततो. काळ्या गाडीवर बाकीचा रंगात मुरतो, म्हणून क्षितिजाचं प्रतिबिंब रेषेपाशी मोडलेलं लख्ख दिसतं. पांढरा रंग मात्र उरलेला बहुतेक उजेड चहूकडे उधळतो आणि ते ४ टक्के त्यात हरवतात. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे पत्र्याला समांतर पडलेले असतात. समोरून उजळ, तिरकं बघितलं की गडद. त्यामुळे रेषेच्या वर एक छटा दिसते, खाली दुसरी. डिझाईन स्टुडिओत मातीच्या मॉडेलवर चंदेरी फिल्म चढवून पृष्ठभाग तपासतात, ते उगाच नाही. माझदा या जपानी कंपनीने २०१२ मध्ये आणलेल्या 'सोल रेड' या रंगामागेही हाच विचार आहे : रंग हा आकाराचाच भाग.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंग करायचे. शाळा सुटली की मी तिथे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) घेऊन पॅनल घासायला बसायचो. काळी गाडी आली की ते पुट्टीवर, म्हणजे खाचखळगे भरायच्या लेपावर, कितीतरी जास्त वेळ घालवायचे, कारण पांढऱ्यावर खपून जाणारी लाट काळ्यावर ट्यूबलाईटखाली लगेच उघडी पडते. पत्रा तोच, पुट्टी तीच, हात तोच. फरक फक्त रंगाचा. आपण कधी ओला पॅनल उजेडात तिरका धरून बघितलाय? नसेल तर 'साधं' हा शब्द जरा जपून वापरा.

२०११ ची एक्सयूव्ही ५०० चित्त्यावरून बेतलेली, असं खुद्द महिंद्राने सांगितलं होतं. मागच्या चाकावरचा तो फुगवटा म्हणजे झेप घेणाऱ्या जनावराची मांडी. पांढऱ्यात ती मांडी मावळते आणि उरते एक उंच गाडी. कुणीतरी मेहनतीने घडवलेला आकार असा वाया जाताना मला खरोखर वाईट वाटतं, म्हणून तो लेख लिहिला होता. तापणं आणि विक्रीची किंमत हे त्याचे विषयच नव्हते, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

संध्याकाळच्या तिरक्या उन्हात एक पांढरी आणि एक राखाडी मेटॅलिक एक्सयूव्ही शेजारी उभ्या करून बघा आणि मग पुन्हा लिहा. आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. कवितेचा टोमणा मात्र आपणच काढावा, ही विनंती.