फ्री मारला म्हणजे लीक मिटला? कुणी सांगितलं!

डिसअसेंबलरची (मशीन कोड वाचून त्यातल्या इन्स्ट्रक्शन्स दाखवणारा प्रोग्रॅम) मेमरी फुगायला लागली की एक महाभाग लगेच जाहीर करतो, "कॅपस्टोनच लीक करतंय." (कॅपस्टोन ही डिसअसेंबल करणारी लायब्ररी; लीक म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडणं.) का, तर व्हॅलग्राइंडच्या (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं त्या यादीत, वरती कॅपस्टोनचं फंक्शन दिसतं! अरे, मेमरी त्याने घेतली तर वर तेच दिसणार. सोडायची कुणी होती ते बघा की.

कॅपस्टोनचं 'सीएस_डिसॅस्म' फंक्शन इन्स्ट्रक्शन्सचा एक ॲरे देतं आणि किती निघाल्या तो आकडा परत करतं. डिटेल (ऑपरँड्स, म्हणजे इन्स्ट्रक्शन ज्यांवर काम करते त्या गोष्टी, वगैरे जादा माहिती) चालू असेल तर प्रत्येक इन्स्ट्रक्शनमागे डिटेलचा वेगळा तुकडा हीपवर (प्रोग्रॅमने मागून घ्यायची आणि स्वतः सोडायची मेमरी) घेतला जातो. सगळ्या आर्किटेक्चर्सची माहिती एकाच युनियनमध्ये (सगळ्यांना एकच जागा, सगळ्यात मोठ्याच्या मापाची), त्यात एकट्या एआरएमला 36 ऑपरँड्सची जागा. म्हणजे एका बाइटची एक्स86 नॉपसुद्धा (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) हजाराहून जास्त बाइट अडवून बसते. म्हणून तर मेमरी सोडणारं 'सीएस_फ्री' ॲरेबरोबर आकडाही मागतं! तेवढे तुकडे एकेक करून सोडायचे आणि शेवटी ॲरे.

आणि लोक काय करतात? तोच आकडा लूपमध्ये उणे-उणे करत शून्याखाली नेतात. तो साइनरहित (उणे होऊच न शकणारा), त्यामुळे अवाढव्य होतो, 'सीएस_फ्री' भलतीकडे जातं आणि प्रोग्रॅम कोसळतो. यावर इलाज काय, तर 'सीएस_फ्री' काढून सी भाषेचा साधा फ्री! क्रॅश थांबला, सगळे खूश. ॲरे गेला, डिटेलचे तुकडे कायमचे अनाथ. डिटेल मुळात बंद असतं, त्यामुळे टेस्टमध्ये काहीच दिसत नाही. ऑपरँड वाचायला म्हणून कुणीतरी ते चालू करतं आणि मग बोंबाबोंब.

त्यातही सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते रिपोर्ट न वाचणाऱ्यांमुळे. ॲरेच हरवला असेल तर व्हॅलग्राइंड त्याला 'डेफिनिटली लॉस्ट' म्हणतं आणि डिटेलना 'इनडायरेक्टली लॉस्ट'. ही मंडळी पहिली ओळ वाचून ॲरेला साधा फ्री मारतात. पुढच्या रनला सगळे डिटेल 'डेफिनिटली'मध्ये येऊन बसतात, आकडा वाढतो, आणि हे म्हणतात टूल खोटं बोलतंय!

एवढं करा. परत आलेला आकडा कॉन्स्ट व्हेरिएबलमध्ये ठेवा, लूपला वेगळा इंडेक्स घ्या, ॲरेचा मूळ पॉइंटर पुढे सरकवू नका. मधूनच रिटर्न करणारी प्रत्येक वाट एकाच क्लीनअपला न्या. कोडच्या पुढच्या चंकसाठी (तुकड्यासाठी) तोच पॉइंटर वापरण्याआधी जुना ॲरे सोडा, ही तर हमखास विसरायची जागा. मोठी फाइल असेल तर ॲरेच नको: 'सीएस_मॅलॉक' एकदा, मग 'सीएस_डिसॅस्म_आयटर' (एकेक इन्स्ट्रक्शन देणारं) लूपमध्ये, शेवटी 'सीएस_फ्री' आकडा 1 देऊन, आणि 'सीएस_क्लोज'. फक्त डिटेल 'सीएस_मॅलॉक'च्या आधी चालू करा, नाहीतर त्याला जागाच मिळत नाही.

तपासताना तरी डोकं लावा. लीक सॅनिटायझर (लीक शोधणारं आणखी एक टूल) प्रोग्रॅम नीट संपताना रिपोर्ट देतो. किल मायनस नऊ (प्रोग्रॅम जबरदस्तीने मारायची कमांड) मारून "लीक नाही" म्हणणाऱ्यांना काय बोलावं? जीडीबी या डीबगरखालीही तो चालत नाही. तोच बफर आधी हजार वेळा, मग दहा हजार वेळा डिसअसेंबल करा आणि आरएसएस (प्रोग्रॅमने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) बघा. आकडा चढतच राहिला तर तुमचा दुरुस्तीचा पॅच परत उघडा, आणि लीक झाकायला रात्री सर्व्हर रीस्टार्ट करणारा तो क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आधी काढून टाका!