सिझेरियन केलं तरी पायाळू बाळाचं हाड मोडू शकतं

‘पायाळू बाळ सिझेरियनने काढलं की इजा होऊच शकत नाही. मांडीचं हाड मोडलं म्हणजे डॉक्टरांनी ओढाताण केली. असं मूल जन्मभर लंगडतं.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे.

सिझेरियनने धोका घटतो, हे खरं. दिवस भरलेल्या पायाळू बाळांवरच्या २००० सालच्या ‘टर्म ब्रीच ट्रायल’ या अभ्यासात अर्भकमृत्यू किंवा गंभीर इजेचं प्रमाण नियोजित सिझेरियनमध्ये १.६ टक्के, तर नियोजित योनीमार्गी प्रसूतीत ५ टक्के होतं. पण घटतो म्हणजे संपत नाही. पोट उघडलं तरी बाळ पायाळूच असतं: ढुंगण पुढे, पाय सरळ वर, पावलं तोंडाशी. जांघेत बोट अडकवून ओढलं, तर सगळा ताण मांडीच्या हाडावर येतो. म्हणून गुडघ्यामागे बोटाने दाबून मांडी बाहेरच्या बाजूला नेतात. गुडघा दुमडला की पाऊल धरून खाली आणतात. याला पिनार्डची पद्धत म्हणतात. पुढे पकड कमरेच्या हाडांवर ठेवायची, पोटावर नाही. हात मानेमागे अडकला असेल तर धड फिरवून तो छातीवरून काढतात. तसाच ओढला तर दंडाचं हाड जातं.

मग दोष डॉक्टरांचाच? कधी असतोही. पण दिवस भरण्याआधी गर्भाशयाचा खालचा भाग पातळ झालेला नसतो, छेदाला जागा कमी मिळते. पाणी वाहून गेलं असेल तर गर्भाशय बाळाला आवळून धरतं. अशा वेळी जोर न लावता छेद वाढवायचा, किंवा भूलतज्ज्ञांनी नायट्रोग्लिसरीन देऊन गर्भाशय सैल करायचं. यातलं काय केलं, ते शस्त्रक्रियेच्या नोंदीत पाहा. नुसत्या एक्स-रेवरून निकाल देता येत नाही. एकाहून जास्त हाडं मोडली असतील तर ठिसूळ हाडांचा जन्मजात आजारही तपासावा लागतो.

जन्मभर लंगडण्याची भीती बहुतेक वेळा निराधार. साधारण ७ ते १० दिवसांत एक्स-रेत नवं हाड दिसू लागतं. पाव्लिक हार्नेस, म्हणजे बाळाचे पाय दुमडून धरणारा पट्ट्यांचा आधार, सहसा ३-४ आठवडे पुरतो. हाडातला बाक वाढीबरोबर सरळ होतो. पीळ मात्र तितकासा सुटत नाही, म्हणून पावलाची दिशा आधीच बघतात. हार्नेसमध्ये बाळ गुडघा ताठ करेनासं झालं, तर मांडीतला मज्जातंतू (नर्व्ह) दबला असेल. त्याच दिवशी दाखवा.

लंगोट बदलताना रडणं, एक पाय न हलवणं, मांडी सुजणं दिसलं तर मालीश आणि शेक दोन्ही बंद, आधी एक्स-रे. हाड मोडलेलं नसलं तरी पायाळू बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी सहाव्या आठवड्याच्या सुमारास करून घ्या. खुबा निसटण्याचा धोका सिझेरियनने टळत नाही.