एवढा एकच चेकबॉक्स

"एवढा एकच चेकबॉक्स टाक रे," असं साहेब म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो. त्यांना दिसतो चेकबॉक्स, मला दिसते दुप्पट : तो चालू असलेलं एक सॉफ्टवेअर, बंद असलेलं दुसरं. एकमेकांशी देणंघेणं नसलेले दहा चेकबॉक्स म्हणजे १०२४ वेगवेगळी सॉफ्टवेअरं. ३३ झाले की पृथ्वीवरच्या प्रत्येकाला स्वतंत्र सॉफ्टवेअर देऊनही काही शिल्लक राहतात. आमच्याकडे ८६ आहेत. टेस्टर दोन; त्यातला एक रजेवर.

शेवटी फर्मान निघालं : फीचर मॉडेल काढा. ही युक्ती १९९० सालची, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमधली. एक उलटं झाड काढायचं, मूळ वर आणि फांद्या खाली; प्रत्येक फांदी म्हणजे एक फीचर, सॉफ्टवेअरमधली एक सोय. हल्ली फांदीवर भरीव गोळा म्हणजे फीचर सक्तीचं, पोकळ म्हणजे ऐच्छिक. गोळे सोपे हो! खरी गंमत फांद्यांच्या आपसातल्या अटींची. हिला ती हवीच असते, तिला हिचं तोंड बघायचं नसतं. शिवाय अर्ध्या अटी कुठे लिहिलेल्याच नव्हत्या. ज्यांच्या डोक्यात होत्या ते नोकरी सोडून गेलेले. आम्ही भिंतभर कागद चिकटवून भांडलो. "रिपोर्ट सक्तीचा की ऐच्छिक?" यावर एक अख्खी दुपार गेली आणि उत्तर आलं, "ग्राहकावर अवलंबून."

मग ते झाड सॉल्व्हरला, म्हणजे सगळ्या अटी एकत्र जुळतात का ते तपासणाऱ्या प्रोग्रॅमला, खायला घातलं. त्यानं डोळ्यांचं पातं लवायच्या आत निकाल दिला : 'ऑफलाइन' हे मृत फीचर आहे. म्हणजे नियम पाळून बनवलेल्या एकाही उत्पादनात ते येऊच शकत नाही. ऑफलाइनला डेटा यंत्रावर साठवावा लागतो. कडक सुरक्षा सक्तीची, आणि ती तसं साठवू देत नाही. विषय संपला.

ऑफलाइन मी लिहिलंय. तीन महिने खपून.

मी तोंड पाडून साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पण आपला एक ग्राहक रोज तेच वापरतो की!"

शोधलं. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी अख्खा कोड कॉपी करून त्यातली सुरक्षा गुपचूप कापली होती आणि फोल्डरला नाव दिलं होतं 'तात्पुरतं_अंतिम_२'.

"साहेब, मॉडेलप्रमाणे हा ग्राहक अस्तित्वातच असू शकत नाही."

"बिल तर वेळेवर भरतो," साहेब म्हणाले. "असं कर, सुरक्षा ऐच्छिक कर. एवढा एकच चेकबॉक्स टाक."