‘बाई चांगली आहे हो, पण निवडून येणारी नाही’

हे वाक्य आज सकाळी मालवणच्या मासळी बाजारात ऐकलं आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. बोलणारा एका पक्षाचा तालुक्याचा पदाधिकारी. कुठला पक्ष ते लिहीत नाही, दुसऱ्या कुठल्याही पक्षातला असता तरी हेच बोलला असता. जिल्हा परिषदेसाठी कुणीतरी आमच्या वैनीचं नाव काढलं होतं. त्याने एका वाक्यात विषय संपवला आणि सुरमईचा भाव विचारायला पुढे गेला. सोबत सासूबाई होत्या म्हणून मी तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

वैनी म्हणजे माझी सख्खी वैनी नव्हे, अख्ख्या वाडीची वैनी. नवरा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याला जातो, ही सुकी मासळी विकते. ग्रामसभेला येते ती हातात कागद घेऊनच. पाणी योजनेचं बिल निघालं, मग नळ कुठे आहे, हे ती सगळ्यांसमोर उभी राहून विचारते. ठेकेदार पहिल्या खुर्चीवर बसलेला असला तरी विचारते. ग्रामपंचायतीवर ती चांगल्या मतांनी निवडून आली होती. आणि ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, हे जरा लक्षात घ्या. जिथे मधे पक्षाचं दार नव्हतं तिथे लोकांनी तिला निवडून दिलं. मग ‘निवडून येणारी नाही’ हे ठरवलं कुणी? मतदारांना तर कुणी विचारलेलंच नाही.

2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीत काय झालं ते तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. बाकीच्यांसाठी लिहिते. आमचा गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, महिला राखीव पडला होता. वैनीने पक्षाकडे रीतसर उमेदवारी मागितली. त्या पक्षाच्या प्रचाराला ती आधीच्या निवडणुकांत घरोघर फिरली होती, सभेला बायका गोळा केल्या होत्या, बूथवर दिवसभर बसली होती. मुलाखती कुडाळला होत्या. तिच्यासोबत मी गेले होते.

बाहेर बाकांवर बायका बसलेल्या आणि बहुतेकींच्या शेजारी त्यांचे नवरे. वैनीचा नवरा समुद्रात होता. आत गेल्यावर पहिला प्रश्न खर्च किती कराल. दुसरा, भावकीची मतं किती. तिसरा, मुंबईचे मतदार आणायला गाड्या किती करू शकाल. वैनी म्हणाली, “पैसे माझ्याकडे नाय. पण ह्या गटात माका वळखणा नाय असा एक घर दाखवा.” मग तिने त्यांनाच विचारलं. आदल्या वर्षी, फेब्रुवारी 2016 मध्ये, सरकारने पर्ससीन मासेमारीवर, म्हणजे यांत्रिक नौकेतून मोठं जाळं टाकून मासळीचा अख्खा थवा घेरण्यावर, निर्बंध घातले होते, तरी नौका येतच होत्या. पक्ष रापणकरांच्या बाजूने आहे की पर्ससीनवाल्यांच्या, ते सांगा, मग मी लोकांकडे मतं मागायला जाते.

खोलीत कुणी काही बोललं नाही. समोर बसलेल्यांपैकी एकाच्या जवळच्या नात्यात पर्ससीन नौका होत्या, हे आम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही. शेवटी एकजण म्हणाला, “वैनी, असले प्रश्न इथे नसतात विचारायचे.” ती म्हणाली, “मग खंय विचारूचे?”

तिला चहा दिला. महिला आघाडीत तुमच्यासारख्यांची फार गरज आहे असं सांगितलं. उमेदवारी मावळत्या सदस्याच्या बायकोला मिळाली. त्या बाईबद्दल माझी काही तक्रार नाही, तिलाही कुणी विचारलं नसणार. पण महाराष्ट्राने 2011 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना अर्ध्या जागा दिल्या त्या कशासाठी दिल्या, हे त्या खोलीतल्या एकालाही आठवलं नाही याचा राग मला अजून आहे.

आता खरं कारण सांगते. कितीतरी वेळा विचार करून मी याच ठिकाणी येते. वैनी पडेल याची त्या लोकांना काळजी नव्हती. पडणारे उमेदवार पक्ष दर निवडणुकीत उभे करतात, ढिगाने करतात. मुलाखतीत ती जे विचारून बसली त्याचं उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं, आणि तिला उमेदवारी दिली असती तर ते उत्तर दिल्यासारखं झालं असतं. ती गावोगाव सांगत फिरली असती की पक्ष रापणकरांसोबत आहे. उद्या पक्षाला दुसरीकडे सरकायचं असेल तर तिचा शब्द आडवा आला असता. कोकणात तर हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. रिफायनरीचंच घ्या. ती नाणारला येणार होती तेव्हा कोण काय बोललं आणि बारसूला येणार म्हटल्यावर कोण काय बोललं ते आठवा. विरोधातले बाजूने झाले, बाजूचे विरोधात गेले, सत्तेत असताना एक आणि बाहेर पडल्यावर दुसरं. नाणारची अधिसूचना 2019 मध्ये रद्द झाली तेव्हा पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जण 2023 च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर बायकांना पोलीस ओढत होते तेव्हा तिथे होते? पक्षाला बाजू बदलायची मोकळीक हवी असते. स्पष्ट बोलणारं माणूस ती मोकळीक काढून घेतं. म्हणून ते नको असतं. जात, पैसा, वय, ‘अनुभव नाही’, ही सगळी नंतर शोधलेली कारणं.

आणि पैशाचं म्हणाल तर तेही त्यांनीच करून ठेवलंय. आमच्याकडे अर्धं घर मुंबईला. मतदानाला चाकरमानी आणायचे तर गाड्या, जेवण, परतीचा प्रवास, सगळं कुणीतरी करायचं, अशी सवय लावली पक्षांनीच. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाला 40 लाखांची मर्यादा आहे, पण पक्षाने स्वतःच्या प्रचारावर किती उधळायचे याला मर्यादाच नाही. म्हणजे पक्ष पाठीशी असेल तर बॅनर, गाड्या, नेत्यांच्या सभा सगळं येतं, आणि नसेल तर तुमच्याकडे तुमचे पाय. अपक्षाला चिन्हसुद्धा माघारीची मुदत संपल्यावर मिळतं. मग उरलेल्या मोजक्या दिवसांत ते म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोर कसं बसवायचं? आधी तुम्ही तिला काहीच देत नाही, आणि मग तिच्याकडे काहीच नाही म्हणून तिला उमेदवारी देत नाही. ही लबाडी आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

हो, नुसतं तोंड असून भागत नाही, सभागृहात चार लोकांना सोबत घेऊन ठराव पास करून घ्यावा लागतो, हे मला मान्य. वैनी कधीकधी नको तिथे तुटून पडते, हेही मान्य. पण ज्यांना शांत आणि समजूतदार म्हणून निवडलं त्यांनी कुठले ठराव करून घेतले? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. गणपतीला येणारं प्रत्येक माणूस शिव्या घालत येतं. या सगळ्या वर्षांत आपले प्रतिनिधी कधी कुणाला दुखवून बोलले का?

आणि निष्ठेचं तर नावच काढू नका. स्पष्ट बोलणाऱ्या माणसाचा भरवसा नाही, उद्या पक्षाविरुद्ध जाईल, असं म्हणतात. जिल्हा परिषदेत निवडून आलेल्याला पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, पाळावा लागतो, त्यासाठी 1986 चा कायदा आहे, नाही पाळला तर सदस्यत्व जातं. तेवढ्यानेही यांचं समाधान होत नाही. 2022 च्या जूनमध्ये आणि 2023 च्या जुलैमध्ये महाराष्ट्रात पक्ष फुटले तेव्हा बाहेर पडलेले काय फटकळ म्हणून ओळखले जात होते? तेच ते वर्षानुवर्षं तिकीट मिळवणारे, मान हलवणारे. मान हलवणारा माणूस कुणासमोरही हलवतो. वैनी 2017 मध्ये ज्या पक्षात होती त्याच पक्षात आजही आहे. तिला कुणी विकत घ्यायला आलंच नाही, कारण येऊन उपयोग नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाचं अजून लिहिलं नाही. मुलाखतीनंतर तिला सरळ नकार कुणी दिलाच नाही. ‘वरून निरोप यायचाय’, ‘तुमचं नाव अजून आहे’, असं दर एक-दोन दिवसांनी कुणीतरी फोनवर सांगायचं. तिने कागद गोळा केले, शौचालयाचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, मुलांचं प्रतिज्ञापत्र, सगळं. शेवटच्या दिवशी आम्ही तहसील कार्यालयाच्या आवारात उभ्या. तीनच्या आत अर्ज द्यायचा होता आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, घेऊन येणारा माणूस फोन उचलत नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास तो आला, गाडीतून उतरला आणि आमच्या समोरून सरळ आत गेला. त्याच्यामागे मावळते सदस्य आणि त्यांची बायको. तिचा अर्ज आधीच तयार होता. वैनीला त्यांनी शेवटपर्यंत थांबवून ठेवलं ते एवढ्यासाठी, की तिने दुसरीकडे कुठे बोलणी करू नयेत.

तरी तिने अर्ज दिला. अपक्ष म्हणून. मला त्या क्षणी तिचा जो अभिमान वाटला तो आजही वाटतो.

माघारीच्या आदल्या रात्री घरी माणसं आली. धमकी दिली नाही. चहा घेतला, विचारपूस केली, आणि जाताना तिच्या दिराच्या सोसायटीतल्या नोकरीचा विषय काढला. दिराची पोरं लहान होती. सकाळी वैनी मालवणला गेली आणि अर्ज मागे घेऊन आली. तेव्हा आम्हा कुणालाच तिच्याशी काय बोलावं कळेना. तिनेच विषय बदलला, म्हणाली जेवून जा.

हे लिहिताना सकाळचा राग जरा खाली आलाय. त्या पदाधिकाऱ्यालासुद्धा मी ओळखते. त्याच्या उमेदीच्या काळात तोही असाच होता, एसटीच्या वेळापत्रकावरून डेपो मॅनेजरच्या टेबलावर हात आपटणारा. पंचायत समितीचं तिकीट त्यालाही मिळालं नव्हतं. मग तो शिकला. आता तो दुसऱ्यांना शिकवतो. त्याचं मला वाईट वाटतं, खरंच. रापण ओढली की दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला वाटा मिळतो, तिथे कुणी विचारत नाही तुझी भावकी किती. पक्षात दोर ओढणारे आयुष्यभर ओढत राहतात.

कोकणी माणूस बोलणाऱ्याला मत देत नाही, असं मला कृपा करून कुणी सांगू नका. लोकसभेच्या राजापूर मतदारसंघाने 1957 पासून बॅरिस्टर नाथ पैंना निवडून दिलं, ते 1971 मध्ये जाईपर्यंत. पुढे मधु दंडवते. मूळचे नगरचे, इथे ना भावकी ना जमीनजुमला. 1971 ची इंदिरा लाट, 1984 ची लाट, दोन्हींत देश एकीकडे गेला आणि आमच्या आज्या-आजोबांनी दंडवत्यांना दिल्लीला पाठवलं. सलग पाच वेळा. दोघेही काँग्रेसविरुद्ध, दोघेही सभागृहात कुणाची भीड न ठेवणारे. 1991 मध्ये दंडवते हरले, ते खरं. पण तोवर वीस वर्षं मतदार त्यांच्यासोबत होता. त्या पक्षांकडे पैसे नव्हते, पण आपल्यात जो सगळ्यात चांगलं बोलतो त्याला पुढे करायची बुद्धी होती. मतदार तोच आहे. त्याच्यासमोर ठेवायची माणसं बदलली.

काहीजण म्हणतील तो काळ वेगळा होता. असेल. पण पर्ससीन आणि एलईडीचा प्रश्न याच काळातला आहे. नौकेवर प्रखर एलईडी दिवे लावून, मासळी उजेडाकडे ओढून मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, राज्याने 2021 मध्ये कायदा सुधारून दंड वाढवले, आणि तरी रात्री किनाऱ्यावरून समुद्रात उजेड दिसतो, हे माझ्या भिंतीवरच्या मालवण-देवगडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येत नाही, हेही मला माहीत आहे. पण ज्या माणसाला याविषयी तोंड उघडायची चोरी, तो शाळेच्या गळक्या छपराविषयी तरी कुणासमोर उघडणार आहे?

मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक बसला. सदस्य नव्हते तेव्हा आमच्या वाडीची कामं कुणी पाठपुरावा करून आणली? साकवाचं, म्हणजे ओहोळावरच्या छोट्या पुलाचं, काम वैनीने आणलं, जिल्ह्याच्या मुख्यालयात ओरोसला खेपा घालून, पदरच्या एसटी भाड्याने.

आज दुपारी मी तिच्याकडे गेले आणि बाजारात काय ऐकलं ते सांगितलं. ती मासळी वाळत घालत होती. म्हणाली, “बोलांदेत. गप रवान तरी काय गावला आमका?” मी विचारलं, पुन्हा उभी राहशील का? तिने नाही म्हटलं नाही. दीर आता सोसायटीत नाही, निवृत्त झालाय.

तर आमच्या गटातल्या मतदारांना आणि मुंबईत असलेल्या वाडीच्या सगळ्यांना सांगते. पक्षाने दिलं तर पक्षाकडून, नाही दिलं तर अपक्ष, पण तिने अर्ज भरला तर सूचक म्हणून सही माझी असेल. माघारीच्या आदल्या रात्री तिच्या घरी बसायला मला माणसं हवी आहेत, किमान खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, भरेल एवढी. आणि परळ-लालबागपासून विरार-नालासोपाऱ्यापर्यंत जे आहात त्यांनी कुणाची गाडी येईल याची वाट बघू नका, कोकण रेल्वेचं तिकीट आपापलं काढा. कोण येतंय ते खाली लिहा. ज्यांना उघड लिहायचं नाही त्यांनी मला फोन करा.