कोण गेलं?

रात्री आभाळ निरभ्र होतं आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. अशा रात्री कवींना सुचतं आणि बागवाल्यांच्या पोटात गोळा येतो. ढग असले की जमिनीतून वर जाणारी ऊब अडते. नसले की ती सरळ आभाळाच्या स्वाधीन होते आणि पहाटे पानांवर पांढरं दहिवर गोठतं. म्हणून घरातल्या होत्या नव्हत्या त्या चादरी मी बाहेर काढल्या. त्यात पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली पांढरी जोडीही होती. ती काढताना घरात जे संभाषण झालं ते इथे देत नाही. कापड पानांना टेकू नये म्हणून काठ्या रोवल्या, कडा जमिनीपर्यंत सोडून विटांखाली दाबल्या आणि झोपलो.

पहाटे, अजून उजाडायचं असताना, फाटकाशी कुणीतरी खाकरलं. शेजारचे काका. कानटोपी, मफलर, स्वेटर, वर शाल. रांगेनं अंथरलेल्या पांढऱ्या चादरींकडे बघत, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही काका. टोमॅटो आहेत."

"टोमॅटो गेले?"

"जाऊ नयेत म्हणून झाकलेत."

काकांचा चेहरा पडला. सांत्वनाची दोन-चार वाक्यं जुळवून आले असावेत, ती आता कुठे खपवायची? मग त्यांनी मोबाइल काढला. "हा तर चार अंश दाखवतोय. पाणी शून्याला गोठतं, एवढं मलाही कळतं."

"तो आकडा हवेचा. जमिनीपासून चार-पाच फुटांवरच्या. पानं रात्रभर उष्णता टाकत बसतात, आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. वर चार असताना खाली शून्य असू शकतं."

"म्हणजे मोबाइल खोटं बोलतो?"

"नाही. त्याची आणि टोमॅटोची उंची वेगळी आहे."

"मग प्लास्टिक टाकायचं! थंडी आत शिरत नाही."

"प्लास्टिक जिथे पानाला चिकटतं, तिथलं पान आधी करपतं."

"आणि चादरीनं काय होणार? चादर काय शेगडी आहे?"

हा प्रश्न खरं तर चांगला होता, म्हणून मी उत्साहानं सांगायला गेलो. चादर ऊब तयार करत नाही, मातीत दिवसभर साठलेली तेवढी धरून ठेवते. कोरड्या मातीपेक्षा ओली माती जास्त साठवते, म्हणून दुपारीच आळ्यांत पाणी सोडलं होतं.

"थंडीत पाणी? न्यूमोनिया होईल त्यांना!" काका कळवळले. मग शाल घट्ट लपेटून म्हणाले, "जंगलात झाडांना कोण चादरी घालतं हो?"

जंगलात काकाही राहत नाहीत, हे ओठांवर आलं होतं. वयाचा मान म्हणून गिळलं.

तेवढ्यात फोन वाजला म्हणून आत गेलो. बोलणं लांबलं. बाहेर येऊन बघतो तर काकांनी टोकाच्या रांगेवरच्या चादरी काढून, नीट घड्या घालून कट्ट्यावर ठेवलेल्या. "गुदमरत होती बिचारी. म्हटलं, जरा हवा लागू दे."

सूर्य उगवायचा होता. रात्रीतली सगळ्यात गार वेळ हीच. झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण कुणी असं ओढत नाही, पण झाडांच्या बाबतीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हक्क असतो. सल्ला तर असतोच, वर हातही चालवायचा असतो. आणि नुकसान झालं की तोच माणूस म्हणणार, "नशिबात नव्हतं."

दुपारपर्यंत त्या रांगेतली पानं उकडल्यासारखी काळपट होऊन लोंबायला लागली. जास्वंदीचे शेंडे तर पार गेले. काका कात्री घेऊन हजर! "छाटून टाका, बरं दिसत नाही." कात्री मी हातातून काढून घेतली. करपलेला भाग खालच्या फांद्यांना आडोसा देतो, आणि आत्ता छाटलं तर कोवळी फूट येऊन पुढच्या कडाक्याला तीच पहिली बळी जाते. म्हणजे थंडी सरेपर्यंत ते काळं वैभव बघत बसायचं.

"माझ्या कुंड्या बघा, काही झालं नाही," काका म्हणाले. "मी लाड करत नाही ना!" त्यांच्या कुंड्या छपराखाली, दिवसभर तापलेल्या भिंतीला खेटून बसलेल्या असतात. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही.

आज पुन्हा आभाळ स्वच्छ आहे. "आज किती वाजता झाकणार? मीही येतो मदतीला," असा निरोप काकांनी पाठवलाय. फाटकाला कुलूप लावावं की नाही, यावर घरात मतभेद आहेत.